वतन, तक्षीम आणि कूळ : बीड परिसरातील वतनदार घराणी व त्यांची परिभाषा

बीड जिल्ह्यातील एखाद्या जुन्या पेठेच्या गावची मतदारयादी चाळली, तर तिच्यातील आडनावांचे तीन वर्ग सहज पडतात. जाधव, पवार, शिंदे ही पहिल्या वर्गातील आडनावे कुळाची आहेत. बीडकर, धारूरकर, परळीकर ही दुसऱ्या वर्गातील आडनावे गावाची आहेत. तिसरा वर्ग देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, इनामदार, जहागीरदार, काझी अशा आडनावांचा होय. ही ना मूळ कुळाची, ना गावाची. ती पदाची आणि हक्काची आहेत. देशमुख हे नाव मराठा, ब्राह्मण, लिंगायत आणि मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांतील कुटुंबांना आढळते. यावरून ते नाव रक्ताची ओळख सांगत नसून एका परगण्यातील विशिष्ट अधिकाराची ओळख सांगते, हे स्पष्ट होते. यांपैकी बहुतेक वंशपरंपरागत पदे विसाव्या शतकाच्या मध्यास कायद्याने संपुष्टात आली. पदाबरोबरचा मान ओसरला, जमिनीचा मोठा भाग हातचा गेला. नाव मात्र राहिले.

या नावांमागील व्यवस्थेचा विचार इतिहासकारांनी महसुलाच्या आणि न्यायदानाच्या अंगाने पुष्कळ केला आहे. तिच्या भाषेचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. दख्खनच्या वतनव्यवस्थेत जमिनीवरील हक्क आणि माणसामाणसांतील नाते या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकीची परिभाषा दुसरीच्या शब्दांनी घडलेली होती. भाऊ, वडील, गोत, कूळ हे नात्याचे शब्द वतनाच्या कागदात हक्काचे शब्द म्हणून येतात. हे ध्यानात न घेता जुना कागद वाचला, तर ज्यांचे नाते कधीच नव्हते ते सख्खे भाऊ ठरतात. प्रस्तुत लेखात या परिभाषेचे स्वरूप, तिने घराण्यांची मालमत्ता कशी टिकवली आणि अखेर ती कशी उसवली, हे थोडक्यात स्पष्ट करावयाचे आहे.

वतन, जहागीर आणि इनाम

प्रथम तीन संज्ञांतील भेद पाहणे अवश्य आहे. ‘वतन’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ जन्मभूमी, राहण्याचे ठिकाण. मराठीत तो आला तो वंशपरंपरेने चालणारे पद आणि त्या पदाचे उत्पन्न या अर्थाने. जन्मभूमी या अर्थाच्या शब्दाने उपजीविकेचा हक्क सुचवावा, यातच या व्यवस्थेचे मर्म आहे. ज्याचे वतन तेथे त्याचे मूळ, आणि ज्याचे मूळ तेथेच त्याचा हक्क. ‘जहागीर’ हा फारसी शब्द याच्या उलट बाजूचा. सेवेच्या मोबदल्यात सरकारने एखाद्या सरदारास लावून दिलेला मुलूख म्हणजे जहागीर. मोगली पद्धतीत ती बदलली जाई, आणि जहागीरदाराच्या मृत्यूनंतर ती सरकारात जमा होणे हाच मूळ नियम होता. पुढे हैदराबादच्या निजामी राज्यात जहागिरी व्यवहारतः पिढीजात झाल्या, तरी प्रत्येक वारसाला ती नव्याने मिळत असल्याचे कागदी रूप कायम राहिले. ‘इनाम’ म्हणजे सारा माफ असलेली किंवा अल्प सारा असलेली जमीन. ती वतनाचा भाग म्हणून असे किंवा देवस्थान, मशीद, मठ, विद्वान यांना स्वतंत्रपणे दिलेली असे.

स्वतः पदांची नावे मात्र बहुतांशी देशी आहेत. ‘पाटील’ हे रूप जुन्या लेखांतील ‘पट्टकिल’ या शब्दाशी जोडले जाते. देशाचा, म्हणजे परगण्याचा, मुख्य तो देशमुख. त्याच परगण्याचे दप्तर सांभाळणारा तो देशपांडे. गावच्या पातळीवर पाटलाशी जी जोडी कुलकर्ण्याची, तीच परगण्याच्या पातळीवर देशमुखाशी देशपांड्याची. फारसी कागदांत पाटलास ‘मोकदम’ म्हटले जाई, पण गावाने तो शब्द पाटलाच्या जागी घेतला नाही. राज्यकर्त्यांची भाषा हक्काच्या व्यवहाराला मिळाली. वतन, इनाम, मिरास, तक्षीम, महजर हे शब्द त्या वाटेने आले. पद धारण करणाऱ्या माणसाची ओळख मात्र गावाच्या भाषेत राहिली.

बीडचा मुलूख अनेक सत्तांखाली गेला. यादवांनंतर दिल्लीचे सुलतान, बहमनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल असा क्रम लागला आणि १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर दख्खनमध्ये आसफजाही सत्ता स्थिर झाली. याच जिल्ह्यातील गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्याने निजामाच्या सैन्याचा पराभव केला. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लगतच असलेल्या खर्ड्याची लढाई १७९५ ची. या सर्व काळात परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे पाटील-कुलकर्णी हा थर बहुधा जागचा हलला नाही. नव्या सत्तेला गावची जमीन किती, बागायत कोणती, कोणाकडे किती येणे, हे सांगणारा माणूस हवाच असे. ती माहिती वतनदाराच्या दप्तरात आणि त्याच्या घराण्याच्या स्मरणात होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रात वतनदारांकडे राज्याचे वाटेकरी, दायाद, म्हणून सावधपणे पाहिले आहे, ते याच कारणाने. राजा आणि वतनदार यांचे नातेही तेथे भाऊबंदांचेच कल्पिले आहे. खुद्द छत्रपतींनी दख्खनच्या सहा सुभ्यांत जी सरदेशमुखी मागितली आणि १७१९ च्या सनदांनी मिळवली, ती वसुलाच्या दहा टक्क्यांची मागणी सरदेशमुखाचे वतन या नात्याने होती. चौथाईचा आधार लष्करी बळ होता. सरदेशमुखीचा आधार वतनी हक्क होता.

वाटणीचा प्रश्न

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हिंदू कुटुंबात वडिलार्जित मालमत्तेवर सर्व मुलांचा हक्क. तीन पिढ्यांत प्रत्येकी तीन मुलगे धरले, तर एका वतनाचे सत्तावीस वाटेकरी होतात. मग शेकडो वर्षे ही घराणी उभी कशी राहिली?

प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. आयर्लंडमधील जमीनदार घराण्यांनी आपली मालमत्ता ज्येष्ठाधिकाराच्या तत्त्वावर राखली. सर्व इस्टेट वडील मुलाकडे जाई. धाकटे मुलगे सैन्यात, धर्मपीठात किंवा वकिलीत जात. मुलींना रोख रक्कम आणि विधवेला वार्षिक नेमणूक मिळे. वाटणी घराण्याला किती घातक ठरते, हे तेथील राज्यकर्ते पुरते ओळखून होते. म्हणून १७०४ च्या कायद्याने कॅथलिक जमीनदाराची इस्टेट त्याच्या सर्व मुलांत समान वाटली जावी असे ठरवले गेले. वडील मुलाने प्रस्थापित प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला तरच ती अखंड राही. म्हणजे तेथे समान वाटणी हे एका समाजाची जमीनदारी मोडण्याचे हत्यार होते. प्रॉटेस्टंट जमीनदारांची घराणीही ज्येष्ठाधिकाराने निर्वेध राहिली नाहीत. धाकट्यांच्या आणि मुलींच्या नेमणुकांसाठी काढलेले कर्ज साठत गेले, आणि १८४५ पासूनच्या महादुष्काळाने कुळांचा खंड बुडाल्यावर कर्जबाजारी इस्टेटी विकण्यासाठी १८४९ मध्ये खास न्यायालय स्थापावे लागले. पुढे १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्ज देऊन कुळांना जमिनी विकत घेण्याची व्यापक सोय केली आणि जमीनदारीचा शेवट जवळ आला.

आयर्लंडात जी वाटणी शिक्षा म्हणून लादली गेली, ती दख्खनमध्ये रूढ धर्म होती. तरीही येथील वतन तुटले नाही. कारण येथे वाटले जाई ते उत्पन्न, आणि अखंड राही ते पद. या दोहोंचा मेळ नात्याच्या परिभाषेने घातला.

वडीलकी, तक्षीम आणि घरभाऊ

‘तक्षीम’ हा अरबी ‘तक्सीम’वरून आलेला शब्द; अर्थ वाटा. वतनाचे उत्पन्न तक्षिमांत मोडे, आणि तक्षीम धारण करणारा तो तक्षीमदार. पाटीलकीचा वाटा निमे, तिजाई, चौथाई असा मोजला जाई. परंतु पाटीलकीचा मान, म्हणजे सरकारी कागदावर नांगराची निशाणी करणे, गावसभेत पहिला विडा घेणे, पोळ्याला आपले बैल पुढे नेणे, होळीची पहिली पोळी वाहणे, हा ‘वडीलकी’चा भाग होता. तो थोरल्या शाखेकडे राही किंवा ठरलेल्या पाळीने फिरे. मान कोणाचा यावर जितके तंटे झाले, तितके धान्याच्या मापावरून क्वचितच झाले असतील. याचे कारण केवळ अभिमान नव्हे. ज्याचा विडा पहिला, त्याची शाखा थोरली; ज्याची शाखा थोरली, त्याची निशाणी कागदावर; आणि ज्याची निशाणी कागदावर, त्याच्या हक्काला पुरावा. पोळ्याच्या मिरवणुकीतील जागा म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर दरवर्षी नव्याने होणारी नोंदच होती.

वतनाचा भाग विकला जाई तेव्हा या परिभाषेचे सामर्थ्य विशेष दिसते. दुष्काळात, सरकारी दंड भरताना किंवा कर्ज फेडताना पाटील आपली निमी पाटीलकी दुसऱ्याला विकत देई. विकत घेणारा वेगळ्या कुळाचा असे, क्वचित वेगळ्या जातीचाही. परका माणूस वतनात शिरणार कसा? त्याला भाऊ मानून. अशा खरेदीदारास ‘घरभाऊ’ म्हटले जाई. मानपानात कोण वडील आणि कोण धाकटा याची तपशीलवार वाटणी खरेदीपत्रातच होई, आणि तेथून पुढे दोन्ही घरे भावकीच्या नात्याने वतन खात. येथे नात्याने हक्क निर्माण होत नाही. हक्काने नाते निर्माण होते. वंशावळ जुळवताना अशा कागदातील ‘भाऊ’ हा शब्द शब्दशः घेतला, तर दोन भिन्न कुळांची एकच शाखा दिसू लागते.

‘भाऊबंदकी’ हा शब्दही याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. पाटीलकी, वडीलकी, मालकी यांत ‘की’ हा प्रत्यय पद किंवा हक्क दाखवतो. भाऊबंदकी म्हणजे मुळात भाऊबंद असण्याचा हक्क, वाटेकरीपण. आज या शब्दाचा रूढ अर्थ भावाभावांतील वैर असा झाला आहे. हक्काच्या शब्दाचे वैराच्या शब्दात झालेले हे रूपांतर म्हणजे तक्षिमांच्या तंट्यांनी भाषेवर उमटवलेला ठसा होय.

मूल नसलेल्या शाखेसाठी दत्तकाचा मार्ग होता. दत्तक घेताना गोताची संमती आणि सरकारची मान्यता लागे. मान्यतेसाठी नजराणा द्यावा लागे. अनेकदा पतीच्या पश्चात विधवाच दत्तक घेई आणि तो सज्ञान होईपर्यंत वतनाचा कारभार पाही. घराणे खरोखरच निर्वंश झाले, गाव सोडून गेले, तर त्याच्या जमिनीस ‘गतकुळी’ जमीन म्हणत. जमीन जागेवर आहे, कूळ गेले आहे. जमिनीचे वर्णन तिच्या प्रतीवरून न होता तिच्यावरील घराण्याच्या असण्या-नसण्यावरून होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सोयरीक आणि मुलूख

भावकी वतन आतून बांधी, तर सोयरीक त्याला बाहेरून आधार देई. मातब्बर देशमुख घराण्यांचे विवाह आसपासच्या परगण्यांतील तोलामोलाच्या वतनदार घराण्यांशी होत. त्यामुळे एका घराण्यावर सरकारची इतराजी झाली तर दुसरे आश्रय देई; वतनाच्या तंट्यात साक्षीला सोयरे उभे राहत. सतराव्या शतकातील भोसल्यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. वेरुळच्या पाटीलकीचे भोसले, सिंदखेडचे देशमुख जाधव आणि फलटणचे देशमुख निंबाळकर ही घराणी परस्परांत गुंतलेली होती. मालोजीची पत्नी निंबाळकरांची, शहाजीची पत्नी जिजाबाई जाधवांची, शिवाजी महाराजांची पत्नी सईबाई पुन्हा निंबाळकरांची. शिर्क्यांशी झालेले संबंध तर उघड साट्यालोट्याचे होते. शिर्क्यांची येसूबाई संभाजीराजांना आणि महाराजांची कन्या राजकुंवर गणोजी शिर्क्यांना दिली गेली; त्याबरोबर राजकुंवरला मुलगा झाल्यावर दाभोळची देशमुखी देण्याचे अभिवचन होते. नातवाच्या जन्मावर देशमुखी अवलंबून ठेवणारा हा करार सोयरीक आणि वतन यांची गाठ किती घट्ट होती ते दाखवतो. ते वचन पुरे न झाल्याने आलेले वितुष्टही इतिहासास ठाऊक आहे.

बीडच्या पश्चिम सीमेवर याच निंबाळकरांची एक निराळी कथा दिसते. अठराव्या शतकात या कुळातील सुलतानजी निंबाळकर व रावरंभा निंबाळकर हे निजामाच्या पक्षास मिळाले आणि त्याचे मोठे जहागीरदार झाले. खर्ड्याचा किल्ला निंबाळकरांचाच. बीड शहरालगतच्या टेकडीवरील खंडोबाचे देऊळ आणि त्यापुढील उंच दीपमाळा एका परंपरेनुसार सुलतानजी निंबाळकराच्या, तर दुसऱ्या परंपरेनुसार महादजी शिंद्यांच्या मानल्या जातात. फलटणची शाखा छत्रपतींच्या सोयऱ्यांत आणि खर्ड्याची शाखा निजामाच्या सरदारांत, अशी स्थिती वरवर पाहता विसंगत वाटेल. परंतु घराण्याच्या दृष्टीने तिचा एक लाभ होताच: राज्य कोणाचेही येवो, कुळाची एक शाखा उभी राहण्याची शक्यता वाढे.

जमिनीशिवायही कुळाचा संबंध भूमीशी जोडला जाई. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातील अनेक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी. या घराण्यांचे बालाघाटात वतन नव्हते, तरी कुळाचे मूळ ठिकाण सांगताना ते अंबाजोगाईकडे बोट दाखवतात. शिंदे घराण्याचा बीडशी संबंध मन्सूरशाह या सत्पुरुषामुळे. महादजी त्यांना गुरुस्थानी मानत, आणि ग्वाल्हेरच्या घराण्याने ती श्रद्धा पुढेही जपली. हेच महादजी १७८४ साली दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले, तरी स्वतःस पाटील म्हणवून घेण्यात त्यांना भूषण वाटे. बादशाही पद दिल्लीच्या मर्जीवर होते. पाटीलकी कोणाच्या मर्जीवर नव्हती.

गोत : नाते आणि न्याय

वतनाचा तंटा उभा राहिला की तो ‘गोतसभे’पुढे जाई. गोत हा संस्कृत ‘गोत्र’ शब्दापासून आलेला. अर्थ एका पूर्वजाचे वंशज. परंतु गोतसभेत पाटील-कुलकर्ण्यांबरोबर सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, महार असे निरनिराळ्या जातींचे वतनदार बसत आणि निवाड्याच्या महजरावर प्रत्येकजण आपल्या हत्याराची निशाणी करी. ज्यांच्यात रोटीबेटीव्यवहार नाही, ज्यांतील काहींचा स्पर्शही निषिद्ध मानला गेला, ते सर्व मिळून ‘गोत’. वतन असणे एवढेच त्यांना जोडणारे नाते होते.

या एकाच शब्दाखाली झाकली गेलेली विषमता नजरेआड करता येणार नाही. पाटलाच्या बाबतीत वतन म्हणजे मान आणि उत्पन्न; महाराच्या बाबतीत ते तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस करावयाची सक्तीची चाकरी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनविषयक कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते महार वतनाचे हे दास्यस्वरूप उघड करण्यासाठीच. एकाला जे वडिलार्जित म्हणून सोडवत नव्हते, तेच दुसऱ्याला वडिलार्जित म्हणूनच सुटत नव्हते. वतन या शब्दाचा कोणताही अभ्यास या दोन्ही अर्थांची नोंद घेतल्यावाचून पुरा होत नाही.

निजामी राज्य आणि वतनाचे विघटन

हैदराबाद राज्यात जमिनीच्या महसुलाचे स्थूलमानाने तीन भाग होते. सुमारे ६० टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे सरकारी. सुमारे १० टक्के सर्फेखास, म्हणजे निजामाच्या खाजगी खर्चाचा. आणि उरलेला सुमारे ३० टक्के जहागिरी. पहिला सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात दिवाण होता. त्याने १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी अंमलदार नेमून महसुलाची वसुली सरकारच्या हाती घेतली. देशमुख-देशपांड्यांचे काम संपले; त्याच्या बदल्यात त्यांना ‘रुसूम’ म्हणून रोख नेमणूक मिळू लागली. वतन आणि सेवा यांची फारकत येथे झाली. परगण्याची माहिती ज्याच्याखेरीज कोणाला नव्हती, तो देशमुख आता केवळ रोकड नेमणूक घेणारा मातब्बर शेतकरी राहिला.

याच राज्यात वारसाच्या चौकशीला ‘विरासत’ हे नाव मिळाले, आणि इनामी हक्काच्या चौकशीअंती मिळणाऱ्या दाखल्याला ‘मुंतखब’. दप्तराची भाषा आधी फारसी, मग उर्दू, गावचे हिशेब मोडीत, बोलणे मराठीत. एका घराण्याचा इतिहास अशा रीतीने तीन लिपी-भाषांत विभागला गेला आणि तो एकत्र वाचू शकणारे वाचक पिढीगणिक कमी होत गेले. देवस्थान आणि वक्फ यांच्या इनामी जमिनींच्या वादांत मुंतखब आजही न्यायालयासमोर येतो. त्यातील ‘मदद-माश’ म्हणजे निर्वाहासाठी दिलेली आणि ‘खिदमत-माश’ म्हणजे सेवेसाठी दिलेली जमीन, या दोन संज्ञांतील भेदावर हक्क कोणाचा याचे उत्तर अवलंबून असू शकते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले आणि पुढील सहा वर्षांत सारी इमारत उतरवली गेली. १९४९ मध्ये सर्फेखास दिवाणीत विलीन झाले आणि त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये कुळवहिवाटीचा कायदा आला. १९५४ मध्ये इनामे व रोख नेमणुका रद्द करणारा कायदा झाला, त्यातून धर्मादाय संस्थांची इनामे वगळली गेली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्यानंतर आणि १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाल्यानंतर, १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पदही इतिहासजमा केले. १९६७ च्या कायद्याखालील पोलीस पाटील हा नेमला जातो. तो जन्माने पाटील असावा लागत नाही.

कूळ या शब्दाचे दोन अर्थ

या सर्व परिवर्तनाचा सारांश ‘कूळ’ या एका शब्दात सापडतो. संस्कृत ‘कुल’ म्हणजे वंश. मराठीत कूळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे सारा किंवा खंड भरणारा शेतकरीही. सावकाराच्या वहीत कूळ म्हणजे ऋणको. हे अर्थ एकत्र येण्याचे कारण सरळ आहे. सरकार व्यक्ती मोजत नव्हते, घरे मोजत होते. सारा घरावर बसे. प्रत्येक घराचा हिशेब लिहिणारा तो कुळकर्णी. ‘कुणबी’ हा शब्दही ‘कुटुंबिन्’ या शब्दापासून आला, असे सामान्यतः मानले जाते. नांगर धरणाऱ्याचे नावच मुळी कुटुंबवाला असे पडले. अशा रीतीने वतनदाराचे कूळ वर आणि त्याची जमीन कसणारे कूळ खाली, असा एकच शब्द समाजाच्या दोन्ही टोकांना उभा होता.

१९५० च्या कायद्याने दुसऱ्या अर्थाच्या कुळाला संरक्षण दिले आणि पुढील दुरुस्त्यांनी मालकीचा मार्ग मोकळा केला. व्यवहारात हे सर्वत्र सुखाने झाले नाही. अ. म. खुसरो यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हैदराबाद भागाच्या अभ्यासात, अनेक संरक्षित कुळांनी तथाकथित स्वखुशीच्या राजीनाम्याने किंवा बेदखलीने जमिनी गमावल्याचे दाखवले आहे. ज्या कुळाकडे कागद होता ते टिकले. ज्याच्याकडे केवळ वहिवाट होती त्याला वाड्याचा शब्द मोडवला नाही.

वतनदार घराण्यांनीही नव्या कायद्याशी जुन्याच साधनाने सामना केला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यापुढे पुष्कळ एकत्र कुटुंबांनी कागदोपत्री वाटण्या करून घेतल्या. पूर्वी वाटणी झाली तरी पद अखंड दिसावे, अशी रचना होती. आता कुटुंब अखंड असले तरी जमीन वाटलेली दिसावी, अशी रचना झाली. तक्षीम तीच, हेतू उलट.

या इतिहासातील एक वाटेकरी मात्र फार उशिरा कागदावर आला. वतनी वाटपात मुलीला तक्षीम नव्हती. चोळी-बांगडी आणि आंदण या नावाने जे मिळे ते देणगीच्या स्वरूपाचे असे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतःच सहदायाद केले. तथापि आज वारसनोंदीच्या वेळी बहिणीने भावांच्या नावे ‘हक्कसोडपत्र’ करून देणे ही गावोगावची रूढ गोष्ट आहे. माहेर राखण्यासाठी ती हक्क सोडते. जुन्या खरेदीपत्रात परक्याला हक्क मिळावा म्हणून नाते निर्माण केले जाई. येथे नाते टिकावे म्हणून सख्खा हक्क सोडला जातो. वतन गेले, परंतु जमीन आणि नाते एकमेकांच्या मोबदल्यात मोजण्याची त्याने घडवलेली रीत गेली नाही.

अभ्यासकासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून संशोधनाच्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वंशावळीविषयी. आयर्लंडमधील जमीनदारांच्या वंशावळी बर्क यांच्यासारख्या संपादकांच्या छापील कोशांत, प्रतिष्ठेची नोंद म्हणून, प्रसिद्ध झाल्या. दख्खनमधील वंशावळी बहुधा तंट्याच्या प्रसंगी, करीना किंवा कैफियत या रूपाने, पुरावा म्हणून लिहिल्या गेल्या. त्यात कोणती शाखा थोरली दाखवली आहे, यावरून लिहवून घेणारा कोण ते ओळखता येते. त्र्यंबकेश्वर, पैठण अशा क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्या या तंट्यापासून अलिप्त असल्याने त्यांच्याशी ताडून पाहणे श्रेयस्कर होय.

दुसरी गोष्ट नात्याच्या शब्दांविषयी. भाऊ, वडील, घर, गोत, कूळ हे शब्द कागदात आले की ते रक्तवाचक आहेत की हक्कवाचक, हे प्रथम निश्चित करावे लागते. तिसरी गोष्ट आडनावांविषयी. पदवाचक आडनाव हे त्या घराण्याकडे वतन होते याचे सूचक आहे, सिद्ध प्रमाण नव्हे; शाखांबरोबर नाव पसरते, वतन तसे पसरत नाही.

बीड जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत रुमालात बांधलेली मोडी, फारसी आणि उर्दू कागदपत्रे अजून आहेत. वाडे पडत आहेत, वाटण्या होत आहेत, आणि वाटणीत भांडी व जमीन यांना वाटेकरी मिळतो तसा दप्तराला मिळत नाही. ज्या कागदांनी घराण्याला जमीन मिळवून दिली, ते जमीन गेल्यावर निरुपयोगी ठरले, ही समजूत त्यांच्या नाशाचे मुख्य कारण आहे. त्या कागदांत केवळ जमिनीचा हिशेब नाही. मराठी समाज नाते या गोष्टीला काय समजत होता, याचा तो लेखी पुरावा आहे. तो वाचण्याची विद्या आणि वाचावयाचा कागद ही दोन्ही हाती आहेत तोवरच हे काम होणे शक्य आहे.